चौथी पट्टी

कबनूर,
५ नोव्हेंबर १९९८

प्रिय हंबीरराव,

शरणार्थ.

दिवाळी संपली. सूनबाई सौंदर्यानं डब्याच्या तळाशी चार करंज्या लपवून ठेवल्यात. त्या कुठं आहेत हे मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. त्यातल्या दोन आता उरल्यात. तेव्हा माझी तब्येत ठीक आहे, हे तू समजून घे.

पत्र लिहायचं कारण असं, की काल गच्चीवर उन्हात बसलो होतो. खाली कापडाचे माग खडखडत होते. चाळीस वर्षं त्या आवाजात काढली, पण काल डोळे मिटले आणि तो आवाज एकाएकी पाण्यासारखा वाटायला लागला. लाट येते, लाट जाते. मी सहासष्ट वर्षांचा झालो हंबीर, आणि समुद्र पाहिलेला नाही. उचगावच्या शाळेत गणपतराव मास्तरांनी स्वतः रचलेली ती कविता आठवते तुला? मास्तरांनीही समुद्र पाहिला नव्हता. पन्हाळ्याच्या पलीकडं ते कधी गेले नाहीत. पण डोळे मिटून म्हणायला लागले, की आमच्या पाट्यांवर खारं पाणी उडायचं.

डोंगरांच्या पलीकडे
निळे अंगण देवाचे;
लाटा येती, लाटा जाती,

आणि इथंच मी अडकलो. चौथी ओळ काही केल्या आठवत नाही. सगळी गच्ची पालथी घातली. जणू ओळ वाळत घातली होती आणि वाऱ्यानं उडाली.

तर म्हणतो, येत्या डिसेंबरात पुन्हा निघू. तुझी बुलेट, तू पुढं, मी मागं. गारगोटी, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडीला तुझ्या लेकीकडं, आक्काकडं मुक्काम आणि तिथून वेंगुर्ला. मागच्या वर्षी सावंतवाडीतूनच परत फिरलो. समुद्र तासाभरावर राहिला होता. तुझं मन उडालं होतं, म्हणून मी गप्प बसलो. आता वर्ष झालं. निघायचं का?

फोन करत नाही, कारण तुझ्या कळंब्यात तो किराणा दुकानात येतो, आणि तू बोलायला लागलास की साखर घ्यायला आलेली माणसंसुद्धा थांबून ऐकतात.

तुझा, उरलेल्या दोन करंज्यांवर डोळा ठेवून असलेला,
भीमाप्पा


कळंबा,
१० नोव्हेंबर ९८

भीमाप्पास हंबीररावचा रामराम.

पत्र पोचलं. सरळ सांगतो, मी येणार न्हाय. बुलेट इकायला काढलीया. उचगावचा केरबा गवळी बघून गेलाय. त्याला दुधाचे क्यान लावायला दणकट गाडी पायजे. २९ तारखेच्या रविवारी येऊन घेऊन जाणार हाय.

तू इचारशील का म्हणून. तुला माहीत हाय. मार्केट यार्डात तीस वर्षं गुळाचे रवे, ढेपा ट्रकात लावून दोर आवळला. माझ्या हातची गाडी गुजरातपातूर गेली तर एक रवा हललेला न्हाय. व्यापारी म्हणायचे, दोर हंबीररावचा हाय न्हवं, मग ताडपत्री नसली तरी चालंल. आणि माझ्याच गाडीवरचं, माझ्याच लेकीसाठी बांधलेलं गाठोडं घाटात पडलं. त्यात लेकीची साडी हुती, जावयाचं पायताण हुतं, हिनं चार दिस खपून केलेली कांदा-लसूण चटणी हुती. अंधार पडंस्तवर दरीत बघत हिंडलो. आठवतंय न्हवं? मग व्याह्याच्या दारात मोकळ्या हातानं उभा ऱ्हायलो. व्याहीणबाई चांगली बाई हाय, पाण्याचा तांब्या दिला आणि हसत म्हणाली, "पावणं, गाठोडं मागनं येतंय वाटतं?" तिनं मस्करी केली. पर मला त्या रात्री भाकरी गोड लागली न्हाय.

चार पट्ट्या लावल्या हुत्या, ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या, मी सोता कापलेल्या. माघारी बघितलं तर तीनच कॅरेजला लोंबत हुत्या. चौथी तुटून गेली. म्हंजे पट्टीला चीर हुती आणि मला दिसली न्हाय. गाठ सुटली आणि हाताला कळली न्हाय. माणसाचं हेच ऱ्हायलं न्हाय तर ऱ्हायलं काय?

आता घरात म्हस बी हीच बांधती. मी बांधत न्हाय. कालच म्हणाली, "तुमच्या धोतराची गाठ तरी तुमची तुम्ही मारा, तेवढं माझ्याच्यानं हुनार न्हाय."

कविता मला इचारू नकोस. मास्तरांचा मार आठवतोय तेवढा बास.

करंज्या खा. जास्त खाऊ नकोस.

हंबीरराव


कबनूर,
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय हंबीरराव,

शरणार्थ.

पत्र मिळालं. बुलेट विकायची? अरे, ती गाडी सुरू झाली की कळंब्याच्या तळ्यातले बगळे उडतात. गवळ्याच्या दारात क्यान अडकवून उभी राहिली तर तिला स्वतःचीच ओळख पटणार नाही.

एका गाठोड्याचं एवढं मनावर घेतोस? घाट केवढा, वळणं किती. कॅरेजही जुनी. दोरी नायलॉनची, ती मुळात निसरडीच. दोष कुणाकुणाचा असू शकतो. झाडाचं फळ पडलं तर झाड काय फांद्या छाटून घेतं?

आमच्या मुलानं, बसवेशनं मुंबईहून एक वस्तू आणलीय. रबरी दोरी, तिला दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. एक आकडा इकडं अडकवला, ताणून दुसरा तिकडं अडकवला, की झालं. गाठ मारायचीच नाही. मी तशा चार मागवतो. मग गाठ सुटायचा प्रश्नच उरत नाही. केरबाला कळव, गाडी द्यायची नाही म्हणून.

समुद्राचं सोड हवं तर. आपण नुसते आजऱ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन येऊ. मागच्या वेळी त्या वडाखाली काय गार सावली होती! तू पंक्चर काढायला गेला होतास आणि मी एकटाच बसलो होतो. आता त्याचं काय. झालं ते झालं.

तुझा, बगळ्यांच्या वतीनं,
भीमाप्पा


कळंबा,
१८ नोव्हेंबर ९८

भीमाप्पास रामराम.

आकड्याची दोरी तुझ्या सुनंला दे, कपडे वाळत घालाय. आकडा निसटून डोळ्यात बसला म्हंजे समुद्र बघायचा कशानं? ज्याला गाठ येत न्हाय त्यानं आकडा वापरावा.

तुला एक सांगायचं हुतं. मागल्या पत्रात सांगितलं न्हाय. दिवाळीआधी एका सकाळी हिला न सांगता जोंधळ्याचं पोतं बुलेटवर चढवलं. जड खाली, हलकं वर. दोर टाकला, वरनं ट्यूबच्या पट्ट्या आडव्यातिडव्या ताणल्या. मग पोतं दोन्ही हातांनी धरून हलवलं. आमच्या यार्डातली रीत हाय ती. नुसतं वझं हाललं तर बांधणी कच्ची. वझ्याबरुबर गाडी हालली तर पक्की. गाडी हालली. मग तळ्याला चार फेऱ्या मारल्या, खड्ड्याखड्ड्यातनं. एक दाणा सांडला न्हाय.

तुला वाटंल, मग तर बरंच झालं की. न्हाय गड्या. त्यानंच माझी झोप गेली. हात पार गेला असता तर मी समजलो असतो, म्हातारा झालो. पर हात कवा ऐकतो, कवा ऐकत न्हाय, आणि कवा ऐकणार न्हाय ते आधी कळत न्हाय. असल्या हाताच्या माणसानं मागं कुणाला बसवू नये. गाठोडं पडलं तवा मागं तू बसला हुतास. गाठोड्याच्या जागी तू गेला असतास तर? मी नीलम्मा वैनीला काय तोंड दावलं असतं?

म्हणून गाडी देतोय. रुसून न्हाय. तू उगा झाडं, फांद्या लिहू नकोस.

केरबा रविवारी सकाळी येणार हाय. मी टाकी पुसून ठेवलीया.

हंबीरराव


कबनूर,
२१ नोव्हेंबर १९९८

प्रिय हंबीर,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. नीलम्मा म्हणाली, कागद महाग झालाय, आता काय लिहायचं ते लिहून टाका. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती कन्नडमध्ये जे बोलली, ते मी इथं लिहीत नाही.

हंबीर, तुझी गाठ सुटली नव्हती. तुझी गाठ मी सोडली होती.

निघायच्या आधी तू मला बजावलंस, "पुस्तकं-वह्या घ्यायच्या न्हाईत, वझं नगं." मी मान हलवली. पण तू किक मारून इंजिन तापवत होतास, तेव्हा मी माझी शाळेतली कवितांची वही हळूच गाठोड्यात, चटणीच्या डब्याशेजारी सरकवली. मास्तरांच्या कविता त्यांनी सांगितल्या आणि मी टाकानं उतरवल्या, तीच वही. समुद्रापुढं बसून ती कविता वहीतून म्हणायची, असं पन्नास वर्षं मनात होतं.

आजऱ्याला पुढचं चाक पंक्चर झालं, ते काढून तू दुकानात घेऊन गेलास. मी वडाखाली बसलो. कविता म्हणायला लागलो आणि चौथ्या ओळीला अडलो. म्हटलं, तू येईपर्यंत बघून घेऊ. तुझी गाठ सोडायला मला पंधरा मिनिटं लागली, दोन नखं गेली. एक पट्टी काढली, वही ओढली, ओळ वाचली, आणि वाचता वाचता पुढच्याही कविता वाचत बसलो. एवढ्यात लांबून चाक गडगडत आणणारा तू दिसलास. मी घाबरलो. तू मुकादम आहेस हंबीर, तुझा आवाज मी यार्डात ऐकलाय. वही आत कोंबली, दोरी ओढली आणि सवयीनं हात जी गाठ मारतो ती मारली. आमची मागावरची गाठ. सूत तुटलं की डोळे मिटून दोन बोटांत बसते, आणि तिच्यावरून कापड विणलं तरी कळत नाही. मला अभिमानच वाटला, की बघा, हंबीरला कळलंसुद्धा नाही.

आता कळतं. सूत खरखरीत असतं, ताणलेलं असतं. नायलॉनची बोटभर दोरी म्हणजे सूत नव्हे.

अजून एक. घाटात एकाएकी माझ्या पाठीला गार वारा लागला. तोवर गाठोडं पाठीला टेकलेलं होतं. मला वाटलं, ही आंबोलीची हवा. मी डोळे मिटून तुला म्हणालो, "हंबीर, काय गारवा आहे!" तू म्हणालास, "व्हय की." गाठोडं तेव्हाच गेलं असणार.

खाली दाणोलीत तू उतरलास, कॅरेजकडं बघितलंस, मग आपल्या हातांकडं बघितलंस आणि म्हणालास, "माझी गाठ सुटली भीमा." मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तुझा चेहरा बघून वाटलं, आधी गाठोडं सापडू दे, मग सांगू. मग वाटलं, व्याह्यांच्या घरून निघाल्यावर सांगू. मग घरी पोचल्यावर. असं करत वर्ष गेलं. तू म्हैस बांधायची सोडलीस, हे मला माहीत नव्हतं. हे मी स्वतःला समजावण्यासाठी लिहितोय.

सोबत चौथी पट्टी पाठवतोय. ती तुटली नव्हती. माझ्या कोटाच्या खिशात होती. घरी आल्यावर सापडली. वर्षभर मी ती पंचांगाच्या मागं ठेवली. ताणून बघ, तिला चीर नाही.

मागं बसायला मला कधी भीती वाटली नाही. आता माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण केरबाला गाडी देऊ नकोस.

भीमाप्पा


कबनूर,
१ डिसेंबर १९९८

प्रिय हंबीर,

रविवार गेला. आज मंगळवार. पोस्टमन दोनदा आला आणि दोन्ही वेळा विजेचं बिल घेऊन आला. काल तुमच्या किराणा दुकानात फोन लावला होता. उचलल्यावर मी ठेवून दिला. ज्ञानू दुकानदार शिव्या देत असेल, त्याला सांग तो मी होतो.

सौंदर्या विचारते, मामंजी, दारात का बसता? मी म्हणतो, ऊन छान आहे. आज दिवसभर ढग आहेत.

गाडी गेली असेल तर तेवढंच एका ओळीत कळव. मी केरबाकडं जाऊन पाया पडेन.

भीमाप्पा


कळंबा,
४ डिसेंबर ९८

भीमाप्पास.

रामराम घालणार नव्हतो. हिनं घाला म्हटलं म्हणून घालतो. रामराम.

तुझं पट्टीचं पत्र मागल्या आठवड्यात गुरुवारी आलं. पाकिटातनं पट्टी पडली आणि मी पत्र वाचायच्या आधीच समजलो. माझी पट्टी मी वळखतो. मग पत्र वाचलं. मग तीन दिस कुणाशी बोललो न्हाय. ही म्हणाली घरात लई शांती हाय, भीमाभावजींना असली पत्रं आणखी लिवाय सांगा.

बोटभर दोरीला सुताची गाठ? हत्तीला राखी बांधलीस व्हय रे? आणि माझी गाठ सोडाय पंधरा मिन्टं लागली म्हणतोस. तेवढी ओळ मी हिला चारदा वाचून दावली.

शनवारी ठरवलं हुतं, की तुझं तोंड बघायचं न्हाय. पर रातच्याला मला एक आठवलं. ते तुला सांगायलाच पायजे, न्हायतर मी बी तुझ्यासारखाच पंचांगाच्या मागं ठेवीन.

वझं बांधून निघालं, की पयल्या धा किलोमीटरवर थांबायचं. गाडी हादरली की वझं बसतं, खाली दबतं, आणि आवळलेली दोरी आपोआप ढिली पडती. मग उतरून पुन्यांदा आवळायची. हे म्या यार्डात शंभर ड्रायव्हरांना शिकवलंय. कळंब्यातनं निघालो तवा इस्पुर्लीच्या आधी थांबलो हुतो का न्हाय? आजऱ्यातनं निघाल्यावर बी थांबायचं हुतं. थांबलो असतो तर तुझी सुताची गाठ तितंच दिसली असती आणि तितंच तुझा उद्धार झाला असता.

थांबलो न्हाय. कारण तू मागं कविता म्हणत हुतास. आजऱ्याच्या पुढं दोन्ही बाजूला झाडी, गाडी चाळीसच्या चालीवर, आणि तू शाळेतल्यासारखा आवाज लावला हुतास. मला वाटलं, थांबलो तर हा गप हुईल आणि परत म्हणणार न्हाय. म्हणून थांबलो न्हाय. हे म्या हिला बी सांगितलं न्हवतं.

तवा गाठ तू बदललीस, आवळली मी न्हाय. मिटलं.

रविवारी केरबा आला. मी म्हटलं, गाडी देत न्हाय. तो चिडला, म्हणाला सबूद दिला हुता. खरंच हाय त्याचं. मग म्हटलं, तुझी जुनी गाडी घेऊन ये. आणली. त्याचे क्यान असे बांधलेले, की दूध उचगावात निघायचं आणि ताक हुऊन कोल्हापुरात पोचायचं. दोन तास बसून चारी क्यान बांधून दिले. क्यान धरून हलवला तर गाडी हालली. केरबा जाताना म्हणाला, "आप्पा, ह्ये आधी सांगितलं असतंसा तर मी बुलेटच्या मागं लागलोच नसतो." परवापासनं आणखी तीन गवळी येऊन गेले. म्हशीचं दावं बी आता मीच बांधतोय.

२० तारखेला रविवार हाय. पहाटं हितं घरीच ये. आक्काला पत्र टाकलंय. हिनं चटणी कुटाय घेतलीया. तू वही आणू शकत न्हाईस, ती दरीत माकडांनी पाठ केली असंल. पर चौथ्या ओळीसाठी गाठ सोडायची गरज न्हाय. ती मला येती.

पाय मोजी कोण त्यांचे?

मास्तरांनी ही ओळ म्हणून वर्गाला इचारलं, सांगा, कोण मोजील? म्या हात वर करून म्हटलं, मी मोजतो की मास्तर. सगळी हसली. मास्तरांनी ती ओळ माझ्याकडनं पाटीवर शंभर डाव लिवून घेतली. तू इसरशील, मी कसा इसरंन?

अट एकच. दोरीला हात लावायचा न्हाय. कविता म्हणायची, आणि धा किलोमीटर झालं की मधीच गप हुयाचं, म्हंजे मला कळंल.

हंबीरराव


वेंगुर्ला,
२१ डिसेंबर १९९८

प्रिय हंबीरराव,

शरणार्थ.

हे कार्ड तू घरी पोचल्यावर दोन दिवसांनी तुला मिळेल. आत्ता तू माझ्यापासून वीस पावलांवर वाळूत बसला आहेस, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. मी काय लिहितोय, असं तू दोनदा विचारलंस. मी सांगितलं, नीलम्माला खुशाली कळवतोय.

काल सकाळी तू गाठोडं बांधलंस, चौथी पट्टी सगळ्यात वर ताणलीस आणि म्हणालास, "बस." मी बसलो. मग तू गाठोडं धरून हलवलंस. गाडी हालली, गाडीबरोबर मी हाललो. तू जे हसलास, ते मी वर्षानं बघितलं. आक्काच्या सासूबाईंनी चटणीचा डबा उघडून हुंगला आणि म्हणाल्या, "वर्षभर वाट बघितली याची."

समुद्राबद्दल काय लिहू? मास्तरांनी न बघता लिहिलं होतं, आणि एकही शब्द चुकला नाही. मला रडू आलं, म्हणून तू उठून लांब जाऊन बसलास. मला ते कळलं.

तिथून तुझा आवाज येतोय. तू लाटा मोजतोयस. मघाशी त्र्याऐंशीपर्यंत गेला होतास, एवढ्यात एक मोठी लाट आली आणि तुझं पायताण घेऊन गेली. तू पळत जाऊन ते धरलंस, पुन्हा जागेवर येऊन बसलास, आणि इकडं बघून ओरडलास, "भीमा, चुकलं रे. पुन्हा एकपासनं."

मोज. आज आपल्याला कुठं जायचं नाही.

भीमाप्पा